ऑस्करच्या मतदारांनो, मांजर शेवटपर्यंत पाहिलंत ना?

प्रति,
अकादमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्‌स अँड सायन्सेसचे सर्व मतदार सभासद,
बेव्हर्ली हिल्स, कॅलिफोर्निया

विषय : 'फ्लो' या लॅटव्हियन ॲनिमेशनपटाला मिळालेलं ऑस्कर आणि त्यानंतर तुम्ही केलेला, सगळे चित्रपट पाहूनच मत देण्याचा नियम

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कुणाला मराठी येत असेल असं धरून मी बसलेली नाही. आमच्याकडे 'लेकी बोले सुने लागे' असा एक प्रकार असतो. बोलायचं एकीला, ऐकायचं दुसरीनं. हे पत्र साधारण त्याच जातीचं आहे. शिवाय ज्या चित्रपटाबद्दल लिहायचंय त्यात एकही शब्द बोललेला नाही, त्यामुळे भाषेची अडचण तुम्ही तरी सांगू नये.

आधी माझी ओळख. मी पुण्यात लाइटिंग आर्टिस्ट आहे, सोळा वर्षं झाली. ॲनिमेशनच्या कारखान्यात आमचं टेबल जवळजवळ शेवटी लागतं. पात्र कुणीतरी घडवलेलं असतं, कुणीतरी त्यात सांधे बसवलेले असतात, कुणीतरी त्याला चालवलेलं असतं, आणि मग ते आमच्याकडे येतं ते राखाडी, मातीच्या खेळण्यासारखं. सकाळ आहे की संध्याकाळ, ढगाळ आहे की ऊन, हे आम्ही ठरवतो, म्हणजे दिग्दर्शकानं ठरवलेलं आम्ही आणतो. मांजराच्या कानातून ऊन आरपार गेलं की कान आतून गुलाबी दिसतो. ते गुलाबी जरा जास्त झालं तर कान मेणाचा वाटतो, कमी झालं तर पुठ्ठ्याचा. अशा एका कानावर मी चार दिवस घालवलेले आहेत. त्या मालिकेचं नाव सांगत नाही, कारण तिच्या श्रेयनामावलीत माझंही नाव नव्हतं. फिटंफाट.

तर ३ मार्च २०२५, सोमवार. तुमच्याकडे रविवारची रात्र होती. आमच्या ऑफिसात सकाळचा चहा चालू होता आणि सात-आठ जण एका मोबाइलवर वाकलेले होते. ॲनिमेशनपटाच्या गटात पाच नावं होती. 'इनसाइड आउट २' होता, ज्यानं जगभरात दीड अब्ज डॉलरच्या वर धंदा केला होता. 'द वाइल्ड रोबॉट' होता, आणि आमच्यातल्या बहुतेकांचे पैसे त्याच्यावर लागलेले होते (पैसे म्हणजे वडापाव). 'वॉलेस अँड ग्रोमिट' होता, मातीच्या गोगलगायींचा ऑस्ट्रेलियन 'मेमॉयर ऑफ अ स्नेल' होता, आणि लॅटव्हियाचा 'फ्लो'. पाकिटातून 'फ्लो' निघाला तेव्हा आमच्या एका रिगिंगवाल्या (पात्रांत सांधे बसवणाऱ्या) पोरानं टेबलावर असा हात आपटला की चहा कीबोर्डवर. कीबोर्ड गेला. कुणी काही बोललं नाही.

एवढा आनंद का झाला, हे तुम्हाला नीट कळावं म्हणून थोडं मागे जाते.

'फ्लो'चं मूळ लॅटव्हियन नाव 'स्ट्राउमे', म्हणजे प्रवाह. गिंट्स झिलबालोदिस हा दिग्दर्शक १९९४ सालचा. त्याचा आधीचा 'अवे' हा पूर्ण लांबीचा चित्रपट त्यानं एकट्यानं केला होता, दिग्दर्शनापासून संगीतापर्यंत सगळं. 'फ्लो'मध्ये एक काळपट मांजर आहे. जगात माणूस उरलेला नाही, घरं मात्र आहेत. पूर येतो. मांजर एका शिडाच्या होडीत चढतं आणि तिथे हळूहळू एक कॅपिबारा (उंदराच्या कुळातला, पण भला मोठा प्राणी), एक लेमूर, एक लॅब्रॅडॉर कुत्रा आणि एक मोठा सेक्रेटरी पक्षी जमा होतात. गोष्ट एवढीच. मे २०२४ मध्ये तो कान महोत्सवात 'अँ सर्तँ रगार' विभागात दाखवला गेला. जूनमध्ये आनसीच्या ॲनिमेशन महोत्सवात त्याला चार पारितोषिकं मिळाली, त्यांत ज्युरीचंही होतं आणि प्रेक्षकांचंही. परीक्षकांना आणि तिकीट काढून आलेल्यांना एकच गोष्ट आवडणं हे आमच्या धंद्यात दुर्मीळ. डिसेंबरात युरोपियन फिल्म अवॉर्ड, ५ जानेवारीला गोल्डन ग्लोब, फेब्रुवारीत स्वतंत्र चित्रपटांसाठीचा ॲनी पुरस्कार आणि फ्रान्सचा सेझार. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी आधीच कौल दिलेला होता. ब्रिटनचा बाफ्टा मात्र 'वॉलेस अँड ग्रोमिट'नं नेला, म्हणजे सगळीकडे डोळे मिटून एकच नाव चाललं होतं असंही नाही. तुमच्याकडे तर 'फ्लो' दोन गटांत होता, ॲनिमेशनमध्ये आणि आंतरराष्ट्रीय चित्रपटांमध्ये. दुसऱ्यात ब्राझीलचा 'आय ॲम स्टिल हिअर' जिंकला.

लॅटव्हियाला मिळालेलं हे पहिलंच ऑस्कर. त्या देशाची लोकसंख्या एकोणीस लाखांच्या आत आहे. आमच्या शेजारच्या एकट्या पिंपरी-चिंचवडची २०११च्या जनगणनेत सतरा लाखांच्या वर होती. गोल्डन ग्लोबची ती ट्रॉफी लॅटव्हियाच्या राजधानीत, रिगाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात ठेवली तेव्हा लोक थंडीत रांग लावून बघायला गेले. शहरात मांजराचा पुतळा उभा राहिला. चित्रपटगृहात जाऊन पाहिलेल्या चित्रपटांत त्यानं त्या देशातले आजवरचे सगळे आकडे मागे टाकले. आपल्याकडे असं मांजर निघालं असतं तर आधी ते कुठल्या जिल्ह्याचं यावर भांडण झालं असतं, पण ते असो.

इथे आमच्याच लोकांना एक सांगून टाकते, सुनेला ऐकू जाईल असं. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरत होता : 'एका मुलाने घरच्या लॅपटॉपवर फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये सिनेमा बनवला आणि हॉलिवूडला लोळवलं!' चार ठिकाणांहून आला. यातलं अर्धं खरं आहे. चित्रपट ब्लेंडरमध्ये झाला आणि ब्लेंडर फुकट आहे. शेवटचं रेंडरिंगही (म्हणजे संगणकाकडून एकेक पक्कं चित्र काढून घेणं) दिग्दर्शकाच्या स्वतःच्या संगणकावर झालं, मोठा रेंडर फार्म, म्हणजे संगणकांचा ताफा, लागला नाही, कारण त्यांनी ब्लेंडरमधलं ईव्ही हे झटपट रेंडर करणारं इंजिन वापरलं. माझ्यासारखीला, जिनं एका फ्रेमसाठी सहा-सहा तास वाट पाहिलेली आहे, हे वाचून गंमतही वाटली आणि थोडा रागही आला. पण 'एका मुलाने' हे खोटं. लॅटव्हिया, फ्रान्स आणि बेल्जियम या तीन देशांची ती निर्मिती आहे, तिथल्या ॲनिमेटरांनी ती प्राणीमंडळी चालवली, साडेपाच वर्षं लागली, आणि सुमारे ३५ लाख युरो खर्च झाले. म्हणजे तीस-बत्तीस कोटी रुपये. तुमच्या हिशेबात हे किरकोळ, 'इनसाइड आउट २'चा खर्च वीस कोटी डॉलर होता. आमच्या हिशेबात एवढ्यात पाच-सहा मराठी चित्रपट निघतील. त्या पैशात सरकारी अनुदानाचा मोठा वाटा होता. सॉफ्टवेअर फुकट होतं, माणसं फुकट नव्हती. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत एक स्टुडिओ चालवणारे गृहस्थही होते. त्यांच्या डोक्यात या वाक्यातून पुढचा कुठला विचार आला असेल, हे मला न सांगता कळलं.

आता आईबद्दल. या पत्रातला मुख्य मुद्दा तोच आहे.

माझी आई कृष्णाकाठच्या गावातली, सांगलीपासून फार लांब नाही. वय एकोणऐंशी. इंग्रजी येत नाही, आणि पडद्याखाली पळणाऱ्या ओळी मराठीत असल्या तरी तिच्या डोळ्यांना त्या झेपत नाहीत. त्यामुळे मी ज्याला आयुष्य दिलं ते काम तिनं कधी धड पाहिलेलं नाही. 'छान आहे गं, रंग छान आहेत,' एवढंच म्हणते, आणि मला माहीत असतं की तिला काही कळलेलं नाही. त्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आलेली असताना एका रात्री भिंतीवर प्रोजेक्टर लावून आम्ही 'फ्लो' पाहिला. मी, आई आणि माझा आठ वर्षांचा भाचा.

पहिली दहा मिनिटं भाचा अस्वस्थ. "मावशी, हे बोलत का नाहीयेत?"

आई म्हणाली, "जनावरं बोलत्यात होय? गप बघ."

त्या पोरानं आजवर पाहिलेला प्रत्येक उंदीर, प्रत्येक पांडा इंग्रजीत विनोद करत होता. बोलणारं मांजर त्याला नेहमीचं, न बोलणारं विचित्र. आईचं नेमकं उलटं. ती थेट त्या मांजराबरोबर निघाली. लेमूर टोपलीत आरसे आणि काचेचे गोळे गोळा करतो, तेव्हा "आमच्या धाकल्या जावंसारखं हाय हे," असं म्हणाली. कॅपिबारा निवांत बसून असतो, त्याला तिनं लगेच 'रेडकू' म्हणायला सुरुवात केली. या कॅपिबाराचा आवाज खरं तर उंटाच्या पिल्लाचा आहे. खऱ्या कॅपिबाराचा आवाज इतका किरटा निघाला की त्या शांत प्राण्याला तो शोभेना. बाकीचे आवाज खऱ्याखुऱ्या प्राण्यांचे. मी हे आईला सांगितलं तर म्हणाली, "मग बरोबरच हाय. रेडकू असंच करतंय."

आणि मग पाणी वाढायला लागलं. मांजराच्या घराबाहेर एक प्रचंड मोठं दगडी मांजर आहे. खालचं सगळं बुडत जातं तसं आपलं मांजर त्या पुतळ्यावर वर वर चढत जातं, शेवटी दगडी कानाच्या टोकावर येतं, आणि पाणी तिथवरही येतं. आई बोलायची थांबली. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ४५ फुटांना धोका मानतात. आई तेव्हा गावातच होती, शेजारच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन दिवस. मी पुण्यात बसून फोन लावत होते आणि तो लागत नव्हता. त्या दोन दिवसांबद्दल ती कधी बोलली नव्हती, 'झालं, गेलं' एवढंच. त्या रात्री भिंतीकडे बघत ती म्हणाली, "म्हशीचं दावं कापलं तुझ्या भावानं. जाशील तिकडं जा म्हणून. ती पवत पवत वळून बघत हुती."

भाच्यानं विचारलं, "मग ती परत आली?"

"आली की. तिसऱ्या दिवशी. रस्त्याकडंला उभी हुती, दुसऱ्याच कुणाच्या दोन शेळ्या संगं घिऊन."

सहा वर्षं मला माहीत नसलेली गोष्ट लॅटव्हियातल्या एका मुलानं काढलेल्या मांजरानं माझ्या आईकडून काढून घेतली. ॲनिमेशन हे माध्यम काय करू शकतं, यावर मी तुम्हाला तांत्रिक भाषेत बरंच सांगू शकेन. कॅमेरा मांजराच्या उंचीवर ठेवून मिनिटन्‌मिनिटं न तुटणारे शॉट कसे घेतले, केसन्‌केस दाखवायचा मोह टाळून प्राण्यांच्या अंगावर रंगाचे फटकारे का ठेवले, पाण्यासारखी हट्टी गोष्ट एवढ्याशा चमूनं कशी आवरली. पण तुम्ही मत देताना हे सगळं कळायला हवं असं मी म्हणत नाही. आईला कळलं नव्हतं. तिनं फक्त पाहिलं, पूर्ण, उठून न जाता.

तुमच्याकडून तेवढंच हवंय, आणि तुमचा इतिहास पाहता ते मागणं थोडं जास्तीचं आहे असं दिसतं.

रागावू नका, मोजून सांगते. १९३९ साली तुम्ही 'स्नो व्हाइट'साठी डिस्नेंना मानाचं ऑस्कर दिलंत : एक पूर्ण आकाराची बाहुली आणि सोबत सात छोट्या. फोटोत फार गोड दिसतं ते. पण मला नेहमी वाटत आलंय, दिग्दर्शकाला किंवा नटाला तुम्ही अशी खेळण्यातली ऑस्करं दिली असतीत का? कौतुक होतं, खोटं नव्हतं, पण ते पोरानं छान चित्र काढल्यावर करतात तसलं होतं. पुढे ॲनिमेशनपटाला स्वतःचा गट मिळायला २००२ उजाडलं. त्या वर्षी 'श्रेक' जिंकला. पुढच्याच वर्षी तुम्ही जपानच्या मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'ला दिलंत, ज्यानं बर्लिनचं गोल्डन बेअर आधीच मिळवलेलं होतं. तेव्हा वाटलं, चला, यांना दिसतंय. मियाझाकी स्वतः आले नाहीत. इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या देशात जावंसं वाटलं नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. २०२४मध्ये त्यांच्याच 'द बॉय अँड द हेरॉन'ला मिळालं तेव्हाही ते नव्हते. बाहुली दोन्ही वेळा न्यायला माणूस नाही, तरी दिलीत. त्याचं श्रेय तुम्हाला आहे.

पण मधली वर्षं? २०१५ साली तुमच्यातल्याच एका मतदारानं नाव न देता एका सिनेमाच्या नियतकालिकाला मुलाखत दिली. नामांकन मिळालेल्या दोन चित्रपटांबद्दल, शिव्या गाळून सांगायचं तर, ते म्हणाले की कुणीही न पाहिलेल्या या दोन चिनी भानगडी यादीत आल्याच कशा. त्यांतला एक 'साँग ऑफ द सी' आयर्लंडचा होता. दुसरा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया', जपानचा, दिग्दर्शक ताकाहातांचा. ज्या माणसाला आयर्लंड चीनमध्ये आहे असं वाटतं त्याचं मत आणि ज्यानं दोन्ही चित्रपट पाहिले त्याचं मत तुमच्या मोजणीत सारखंच. तेव्हा मी नोकरीत सहा वर्षांची होते. ती मुलाखत आमच्या टीममध्ये छापून भिंतीला लावलेली होती, डेलीजच्या, म्हणजे रोजचं काम तपासायच्या खोलीत. रिटेक आला की आम्ही तिच्याकडे बघून हसायचो. हसू नेहमी आनंदाचं असतं असं नाही.

मग २०२२. त्या वर्षीच्या यादीत 'फ्ली' होता. अफगाणिस्तानातून पळालेल्या एका माणसाची खरी गोष्ट. ॲनिमेशन, माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा तीनही गटांत एकाच वेळी नामांकन मिळालेला पहिला चित्रपट. आणि तुमच्या मंचावरून या गटाची ओळख करून दिली गेली ती कशी? मुलं हे चित्रपट पुन्हा पुन्हा बघतात आणि बिचाऱ्या आईवडिलांना सोसावं लागतं, अशा विनोदानं. त्याच वर्षी ॲनिमेटेड लघुपटाचा पुरस्कार तुम्ही थेट प्रक्षेपणातून काढून आधीच उरकून घेतला होतात, इतर सात पुरस्कारांसोबत. पुढच्या वर्षी दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोंनी 'पिनोकिओ'चं ऑस्कर हातात घेऊन त्याच मंचावरून सांगितलं की ॲनिमेशन म्हणजे सिनेमाच, तो काही एक प्रकार नव्हे. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मुख्य गटात मात्र आजवर तीनच ॲनिमेशनपट पोहोचले. 'ब्यूटी अँड द बीस्ट', 'अप', 'टॉय स्टोरी ३'. तिघांतला शेवटचा २०१० सालचा.

(जाता जाता एक. २०१३मध्ये 'लाइफ ऑफ पाय'च्या दृश्यपरिणामांना ऑस्कर मिळालं. त्या वाघाचं बरंचसं काम करणारी कंपनी सोहळ्याच्या अकरा दिवस आधी दिवाळखोरीत गेलेली होती. विजेता तेच सांगायला लागला आणि तुम्ही शार्कच्या सिनेमाचं संगीत वाजवून त्याचा माइक बंद केलात. त्या कंपनीची कार्यालयं मुंबईत आणि हैदराबादमध्येही होती. त्या वेळी तिथे काम करणारे लोक आज माझ्या शेजारच्या टेबलांवर आहेत. ते संगीत कुठेही लागलं की ते अजून एकमेकांकडे बघतात.)

'फ्लो' जिंकला आणि पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०२५मध्ये, तुम्ही नियम केलात : अंतिम फेरीत एखाद्या गटात मत द्यायचं असेल तर त्या गटातले सगळे चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. आमच्या चुलत्यांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "म्हणजे आतापर्यंत न बघता देत होते?" ते ग्रामपंचायतीच्या राजकारणातले आहेत, सहजासहजी त्यांना धक्का बसत नाही. तेव्हा बसला.

नियम चांगला आहे. कमाल म्हणजे तो करावा लागला, पण केलात. आता माझी भीती सांगते. तुमच्या ऑनलाइन दालनात चित्रपट चालवला की नोंद होते, आणि बाहेर कुठे पाहिला असेल तर फॉर्म भरून तसं सांगायचं, असा हा नियम चालणार. आमच्या ऑफिसात दरवर्षी आगीपासून बचावाचा एक व्हिडिओ सक्तीनं पाहावा लागतो. तो संपला की खूण होते. तो कसा पाहिला जातो ते विचारू नका. एका खिडकीत आग पेटलेली असते, आवाज बंद असतो आणि दुसऱ्या खिडकीत आम्ही मांजराचा कान करत असतो. मी स्वतः तीन वर्षं शंभर टक्के पाहिलाय आणि उद्या आग लागली तर मला जिना कुठल्या बाजूला आहे एवढंही सांगता येणार नाही. तुमचे दहा हजारांच्या आसपास सभासद, सगळे कामातले लोक. ज्या चित्रपटात संवादच नाहीत, तो एका खिडकीत लावून ठेवणं किती सोपं. आवाज ऐकून गोष्ट कळायची सोय त्यात नाही. नजर हटली की चित्रपट हातातून गेला. संवाद असलेल्या चित्रपटाला निदान अर्धा कान पुरतो.

आणि हे तुमच्यापुरतं राहत नाही. तुमची बाहुली कुणाला मिळाली यावरून पुढची पाच वर्षं कुठल्या कल्पनेला पैसे द्यायचे हे जगभर ठरतं, आमच्याकडेसुद्धा. 'फ्लो' जिंकल्यावर महिन्याभरात आमच्याकडे एका ग्राहकाचा निरोप आला की पुढच्या मालिकेत एक भाग 'त्या मांजराच्या सिनेमासारखा' शांत करून बघू. सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणी आम्हाला 'विनोद कमी करा' म्हणालं. मी रविवारी काही मुलांना लाइटिंग शिकवते. त्यात इचलकरंजीचा एक मुलगा आहे, वडील यंत्रमागावर. महागड्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं त्याच्या घरच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढं होतं, म्हणून तो ब्लेंडरवरच शिकला आणि त्याची त्याला लाज वाटायची. नोकरीच्या अर्जात लिहायचा नाही. ब्लेंडर २००२ साली लोकांनी वर्गणी काढून मोकळं केलं, सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून, हे त्याला मी कितीदा तरी सांगितलं होतं. उपयोग झाला नाही. ३ मार्चनंतर त्यानं अर्जात पहिल्या ओळीत ब्लेंडर लिहिलं. मी सांगून जे होत नव्हतं ते तुमच्या बाहुलीनं एका सकाळीत केलं. म्हणून म्हणते, ती न बघता देऊ नका हो. चुकून बरोबर माणसाला गेली तरी नको.

मोठ्या स्टुडिओंवर माझा राग नाही, हेही लिहून ठेवते. माझ्या घराचा हप्ता त्यांच्याच कामातून जातो आणि त्यांच्यात माझ्याहून शंभर पटींनी हुशार लोक आहेत. 'द वाइल्ड रोबॉट' मी तीनदा पाहिला आणि त्यातल्या जंगलातल्या उन्हावर मी एक अख्खा रविवार शिकवू शकते. तो जिंकला असता तरी मी हे पत्र लिहिलं असतं, फक्त चहा सांडला नसता.

मागण्या दोनच. पहिली : सोहळ्यात या गटाची ओळख करून देताना पोरांवरचे विनोद पुरेत. तुम्हाला पोरं आवडत असतील तर त्यांच्यासाठीही चांगलं बघा, पण आमच्या कामाच्या डोक्यावर कागदी टोपी घालू नका. दुसरी : चित्रपट संपल्यावर नावं सरकायला लागली की उठू नका.

दुसरीचं कारण थोडं घरगुती आहे. आमच्या घरी नावं पूर्ण संपल्याशिवाय कुणी उठत नाही. सुरुवातीला आई माझं नाव शोधायची. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण माझ्या नावाचा इंग्रजी आकार तिनं पाठ केलाय, पहिलं अक्षर डोंगरासारखं आणि शेवटचं पण. बहुतेक वेळा ते सापडत नाही. आमच्यासारख्यांची नावं कंपनीच्या एका ओळीखाली गडप होतात. तरी ती बसते. 'फ्लो'मध्ये माझं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता, तरी बसली. भाचा उठायला लागला तर त्याला हाताला धरून खाली बसवलं.

म्हणून आम्हाला तो शेवटचा शॉट दिसला. सगळी नावं सरकून गेल्यावर येणारा. लहानसाच आहे. त्याच्या थोडं आधी, पूर ओसरल्यावर, जंगलात जे घडतं आणि मांजर ज्याच्यापाशी जाऊन डोकं घासतं, ते बघून भाचा रडायला आला होता आणि आईनं त्याला पदरात घेतलं होतं. तो शॉट आला आणि भाचा पदरातून बाहेर आला. "आज्जी! बघ! बघ!" आई म्हणाली, "बघितलं रे. मी कुठं चालले हुते?"

त्या शॉटमध्ये काय आहे ते मी इथे लिहिणार नाही. तुम्ही सगळे मत देऊन बसला आहात, तेव्हा तुम्हाला ते माहीतच असणार.

आपली,
एक लाइटिंग आर्टिस्ट
पुणे